राजाच्या बागेतलं तळं: बरोक पद्धतीनं तैलरंगात अभ्यासचित्र करताना

तळं रंगवायचं म्हटलं की हात आधी निळ्या ट्यूबकडे जातो. बरोक काळातल्या, म्हणजे साधारण सतराव्या शतकातल्या युरोपीय, निसर्गचित्रांतलं पाणी जवळून पाहिलं तर तिथं ‘पाण्याचा रंग’ म्हणून वेगळं काही सापडत नाही. असतं ते आकाश, थोडा गढूळ हिरवा, झाडांची काळोखी आणि अगदी नेमकी ओढलेली काठाची रेघ. आकाश, झाडं आणि काठ जागेवर बसले की मधे जे उरतं ते पाणी. हे एकदा हाताला कळलं की पुढचे सगळे टप्पे सोपे होतात. ते हाताला कळावं म्हणून मी विद्यार्थ्यांकडून एक अख्खं अभ्यासचित्र करून घेतो. तेच इथं क्रमानं मांडतो आहे.

नमुना म्हणून स्पेनमधल्या माद्रिदच्या बुएन रेतिरो बागेतलं मोठं तळं घेऊ. त्या तळ्याचं १६३७ च्या सुमारासचं चित्र माद्रिदच्याच प्रादो संग्रहालयात आहे आणि ते हुआन बाउतिस्ता मार्तिनेझ देल माझो याच्या नावावर आहे. माझो हा स्पेनच्या राजाचा चित्रकार दिएगो वेलास्केझ याचा शिष्य आणि जावई. १६३३ मध्ये त्यानं वेलास्केझच्या मुलीशी, फ्रान्सिस्काशी लग्न केलं. सासऱ्याच्या मृत्यूनंतर १६६१ मध्ये तो दरबारी चित्रकार झाला आणि १६६७ मध्ये वारला. त्याला निसर्गदृश्याची खरी ओढ होती. त्याचं १६४७ चं झारागोसा शहराचं नदीकाठचं चित्रही प्रादोतच आहे. पाण्यापलीकडचं शहर कसं रंगवायचं हे शिकायला मला त्याहून चांगलं चित्र माहीत नाही.

आपण हुबेहूब नक्कल करणार नाही. तेच तळं, तोच काळ आणि तीच पद्धत घेऊन स्वतःचं चित्र रचणार आहोत. नक्कल करताना डोळा दुसऱ्याच्या निर्णयांवर चालतो, रचना करताना प्रत्येक निर्णय स्वतःला घ्यावा लागतो.

आधी तळ्याची ओळख

बुएन रेतिरोचा राजवाडा आणि बाग स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्यासाठी त्याचा मंत्री काउंट-ड्यूक ओलिव्हारेस यानं १६३० च्या दशकात उभारली. तळं आयताकृती, बांधीव काठाचं. काठावर रहाट बसवून त्यात पाणी घेतलं जाई, मधे एक बेट होतं आणि दरबारी मंडळी होड्यांतून फिरत. १६३५ च्या उन्हाळ्यात नाटककार काल्देरोनचं एक नाटक याच पाण्यावर झालं. त्याची यंत्रं आणि देखावे फ्लॉरेन्सहून आलेल्या कोसिमो लोत्तीनं केले होते.

चित्रकाराला हा इतिहास लागतो तो एवढ्यासाठी की हे तळं निसर्गानं केलेलं नाही. ते मोजून खणलेलं आहे आणि राजानं काठावर येऊन बघावं म्हणून भरलेलं आहे. म्हणून त्याचे काठ सरळ हवेत, कोपरे काटकोनी हवेत. सह्याद्रीतल्या तळ्याला शोभणारी वेडीवाकडी किनार इथं आली की राजाची बाग संपली.

राजवाड्याचा बराचसा भाग १८०८ नंतरच्या युद्धात उद्ध्वस्त झाला. बाग १८६८ मध्ये शहराकडे आली, आणि २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या परिसरात तिचा समावेश आहे. तळं अजून आहे, लोक त्यात होड्या वल्हवतात. आजचे फोटो संदर्भासाठी जरूर पाहा, पण पूर्व काठावरचं खांबांचं मोठं स्मारक १९२२ चं आहे, ते चित्रात घेऊ नका. जुना आराखडा हवा असेल तर पेद्रो तेशेइरा यानं १६५६ मध्ये प्रसिद्ध केलेला माद्रिदचा नकाशा शोधा. त्यात राजवाडा, तळं, बेट, सगळं उंचावरून पाहिल्यासारखं काढलेलं आहे.

बघण्याचा टप्पा

प्रादोच्या संकेतस्थळावर ही चित्रं मोठ्या आकारात बघायला मिळतात. माझोचं तळं उघडा, त्याच्या शेजारी वेलास्केझची रोमच्या व्हिला मेदिचीच्या बागेची दोन छोटी दृश्यं उघडा. ही दृश्यं १६३० च्या सुमाराची, रोमच्या पहिल्या मुक्कामातली, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. ती आकारानं लहान आहेत आणि त्यांत सरूची झाडं काही सुट्या फटकाऱ्यांत उभी केलेली आहेत.

आता तीन गोष्टी करा. डोळे किलकिले करून चित्र पाहा आणि सगळ्यात काळी जागा आणि सगळ्यात उजळ जागा कागदावर टिपून ठेवा. मग चित्र मोबाइलवर कृष्णधवल करून अंगठ्याच्या नखाएवढं लहान करा. एवढ्याशा आकारातही जे ओळखू येतं तो त्या चित्राचा सांगाडा. शेवटी पूर्ण मोठं करून एकाच झाडावर थांबा आणि खालचं अस्तर, म्हणजे चित्राआधी कॅनव्हासवर दिलेला रंगाचा थर, कुठे कुठे उघडं राहिलंय ते शोधा. या तिसऱ्या गोष्टीला भरपूर वेळ द्या. उघड्या राहिलेल्या अस्तरावर ही पद्धत उभी आहे.

शिवाय एखाद्या संध्याकाळी जवळच्या तळ्यावर जा. कोल्हापूरचा रंकाळा, सावंतवाडीचा राजवाड्यासमोरचा मोती तलाव, कुठलंही चालेल. पायाजवळचं पाणी आणि पलीकडच्या काठालगतचं पाणी यांचा रंग वेगळा का दिसतो, एवढाच प्रश्न घेऊन तासभर बसा. उत्तर पुढे येईलच, पण ते डोळ्यांनी आधी पाहिलेलं असावं.

सामान

कॅनव्हास १६ बाय २० इंचाचा, म्हणजे साधारण ४० बाय ५० सेंटिमीटरचा, उभा धरायचा. रंग मोजकेच: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर म्हणजे आपली पेवडी, लाइट रेड किंवा चांगल्या प्रतीचा गेरू, रॉ अंबर आणि बर्न्ट अंबर हे दोन मातकट तपकिरी, अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू, टेर व्हर्ट म्हणजे मातकट हिरवा, आयव्हरी ब्लॅक आणि अगदी थोडा कॅडमियम यलो लाइट. झगझगीत हिरवी ट्यूब पेटीतच ठेवा.

जुन्या रंगांना पर्याय शोधावा लागतो. त्या काळी आकाशाला अझुराइट आणि स्माल्ट वापरत. अझुराइट म्हणजे तांब्याचं निळं खनिज. स्माल्ट म्हणजे कोबाल्टनं निळी केलेली काच दळून केलेली पूड. अझुराइटची जागा कोबाल्ट ब्लू बऱ्यापैकी घेतो. शिशाचा पांढरा विषारी आहे, घरात आणू नका. मात्र टायटॅनियम व्हाइट त्याच्यापेक्षा थंड आणि जास्त झाकणारा असतो, म्हणून त्यात पेवडीचा कण घालूनच तो वापरायचा. वेलास्केझच्या रंगांत कॅल्साइटची, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाची, पूड मिसळलेली सापडते. तिनं रंगाला अंग येतं पण पारदर्शकता जात नाही. चित्रकलेच्या दुकानातली व्हाइटिंग पूड चिमूटभर घालून तुम्हीही हे करून बघू शकता.

जवसाचं तेल चित्रकारांसाठी शुद्ध केलेलंच घ्या, घाण्यावरचं खाण्याचं तेल नको. टर्पेंटाइन उघड्या खिडकीशी वापरायचं. तेलानं माखलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेटू शकतात. पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका आणि डबा झाकून ठेवा. ब्रश डुकराच्या केसांचे, दोन चपटे आणि दोन गोल, शिवाय माणसांसाठी एक बारीक मऊ. पॅलेट नाइफ, आणि हात टेकवायला एक सरळ काठी.

मोजमाप

हा टप्पा लोक उरकतात आणि मग तळं उभं राहून भिंतीसारखं दिसतं. म्हणून इथं मी आकड्यांत बोलणार आहे.

रेतिरोचं तळं साधारण २८० मीटर लांब आणि १४० मीटर रुंद आहे. समजा आपण त्याच्या आखूड बाजूच्या मधोमध, पाण्यापासून २० मीटर मागे उभे आहोत आणि लांबीच्या दिशेनं बघतो आहोत. म्हणजे पलीकडचा काठ ३०० मीटरवर आला. कॅनव्हास डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर आहे. एखादी जागा क्षितिजरेषेच्या किती खाली येईल याचं सूत्र सोपं आहे: डोळ्याची उंची भागिले अंतर, गुणिले ६० सेंटिमीटर.

जमिनीवर उभं राहिलं तर डोळा १.६ मीटरवर. अलीकडचा काठ क्षितिजाच्या ४.८ सेंटिमीटर खाली येतो, पलीकडचा जेमतेम ०.३ सेंटिमीटर खाली. एवढं मोठं तळं कॅनव्हासवर साडेचार सेंटिमीटरची पट्टी होऊन बसतं. आता डोळा ८ मीटर उंच न्या, म्हणजे राजवाड्याच्या वरच्या मजल्याच्या खिडकीत. अलीकडचा काठ २४ सेंटिमीटर खाली, पलीकडचा १.६ सेंटिमीटर खाली. पट्टी २२ सेंटिमीटरच्या वर गेली. बागेची दृश्यं उंचावरून घेण्याची चाल त्या काळात का होती, ते या आकड्यांतून कळतं. उंचावरून तळं दिसतं, आणि ते केवढं आहे हेही दिसतं.

आपण ८ मीटरची उंची घेऊ. कॅनव्हासच्या वरच्या कडेपासून २० सेंटिमीटरवर क्षितिजरेषा आखा. तिच्या मध्यबिंदूकडे तळ्याचे दोन्ही लांब काठ धावतील. क्षितिजाखाली १.६ सेंटिमीटरवर पलीकडचा काठ आडवा काढा, त्याची लांबी २८ सेंटिमीटर येते. क्षितिजाखाली २४ सेंटिमीटरवर अलीकडचा काठ काढा, तो दोन्हीकडे कॅनव्हासबाहेर जातो. त्याच्या खाली ६ सेंटिमीटर जमीन उरते.

तळ्याचा मध्य, म्हणजे १६० मीटरवरची जागा, कुठे येते? क्षितिजाखाली फक्त ३ सेंटिमीटरवर. म्हणजे तळ्याची पलीकडची अर्धी लांबी कॅनव्हासवर दीड सेंटिमीटरपेक्षाही कमी जागेत मावते. बेट काढायचं असेल तर ते तिथं, एका चपट्या काडीसारखं येणार. ज्यांनी आधी मोजलेलं नसतं ते बेटाला चित्राच्या मधोमध गोल बशी करून ठेवतात. बाजूचे काठही असेच फसवतात. या चौकटीत ते २१० मीटरनंतरच दिसायला लागतात, आणि तेसुद्धा जवळजवळ आडवे. त्यांना जास्त तिरकं करण्याचा मोह टाळा.

माणसांसाठी एक नियम पाठ करा. डोळा ८ मीटरवर आणि माणूस १.६ मीटरचा, म्हणजे कुठल्याही उभ्या माणसाची चित्रातली उंची त्याच्या पायापासून क्षितिजरेषेपर्यंतच्या अंतराच्या एक पंचमांश. अलीकडच्या काठावरचा माणूस पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास, १०० मीटरवरच्या होडीत उभा असलेला सुमारे १ सेंटिमीटर, पलीकडच्या काठावरचा फक्त ३ मिलिमीटर. हा नियम पाळला की तळं आपोआप प्रचंड वाटू लागतं. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

हे सगळं आधी कागदावर, मग कोळशानं कॅनव्हासवर. काठाच्या आडव्या रेघा पट्टीनं मोजून घ्या. अर्धा मिलिमीटर कलली तरी पाणी एका बाजूला ओघळतं.

अस्तर

वेलास्केझ स्पेनच्या सेव्हिया शहरात असताना तपकिरी अस्तरावर काम करायचा, माद्रिदला आल्यावर सुरुवातीला तांबूस अस्तरावर. इटलीहून परतल्यावर, १६३० च्या दशकात, त्याची अस्तरं उजळ झाली. याच रेतिरो राजवाड्यातल्या मोठ्या दालनासाठी केलेलं ‘ब्रेडाची शरणागती’ हे चित्र अशा उजळ अस्तरावर आहे. तिथलं मोकळं, रुपेरी आकाश बघितलं की अस्तरानं किती काम केलंय ते दिसतं.

तयार गेसो, म्हणजे रंग धरून ठेवणारा पांढरा लेप, लावलेल्या कॅनव्हासवर ॲक्रिलिकमध्ये पांढरा, थोडा रॉ अंबर आणि त्याहून थोडी पेवडी मिसळून उबदार करडा करा. वाळल्यावर तो जुन्या वर्तमानपत्राच्या कागदाइतका उजळ दिसावा. ब्रशनं लावू नका. जुनं प्लास्टिक कार्ड घेऊन पातळ ओढा, वेगवेगळ्या दिशांनी. त्या ओरखड्यांवर पुढे कोरडा ब्रश फिरला की पानांचं आणि लाटांचं अर्धं काम फुकट होतं. ॲक्रिलिक पूर्ण वाळू द्या. तैलरंगावर ॲक्रिलिक कधीही लावायचं नाही, उलट चालतं.

अंबरमधला आराखडा

रॉ अंबर टर्पेंटाइननं चहाइतका नव्हे, सरबताइतका पातळ करा आणि झाडांचे मोठे पुंजके, काठाची सावली, समोरची जमीन भरून घ्या. तीनच छटा: अंबर गडद, अंबर पातळ, आणि उघडं अस्तर. आकाश आणि पाणी दोन्ही उघडं ठेवा. चिंधीनं पुसून उजेड काढता येतो, तो काढा.

रचनेबद्दल माझा आग्रह एवढाच की डावीकडे किंवा उजवीकडे एक मोठा गडद पुंजका अगदी पुढे असू द्या, चौकटीच्या वरपर्यंत गेलेला. दोन्हीकडे सारखे पुंजके ठेवले तर रंगमंचाचे पडदे लावल्यासारखं दिसतं आणि नजर मधेच अडकते. एकाच बाजूचा पुंजका नजरेला पाण्यावरून तिरकं घेऊन जातो. रोममध्ये काम करणाऱ्या क्लोद लोरँ, पूसँ, यान बोथ या चित्रकारांकडून रेतिरो राजवाड्यासाठी खास निसर्गचित्रं मागवली होती. त्यातली बरीच आज प्रादोत आहेत. पुढची गडद झाडं आणि पलीकडचा उजेड यांचा खेळ त्यांत वेगवेगळ्या तऱ्हांनी पाहायला मिळतो.

अंबर लवकर वाळतो, दोन दिवस पुरतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, जास्त धरा.

आकाश आणि पाणी एकाच बैठकीत

हा चित्राचा गाभा आहे. पॅलेटवर तीन ढीग करा. पहिला वरच्या आकाशाचा: कोबाल्ट ब्लू, थोडा अल्ट्रामरीन, पांढरा आणि बर्न्ट अंबरचा ठिपका. दुसरा मधल्या आकाशाचा: कोबाल्ट, भरपूर पांढरा, आयव्हरी ब्लॅकचा ठिपका. तिसरा क्षितिजालगतचा: पांढरा, पेवडी, लाइट रेडचा कण. माद्रिद समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा कोरडी. आपल्याकडे दमट हवेत लांबचं सगळं दुधाळ होतं, तिथं लांबचे डोंगरही निळे आणि स्पष्ट कडेचे दिसतात. म्हणून क्षितिजाजवळ पांढरं धुकं भरू नका. माद्रिदजवळच्या ग्वादार्रामा डोंगरांची निळी रांग हवी असेल तर ती मधल्या ढिगात थोडा लाइट रेड घालून, एका पातळ पट्टीत.

आकाश भरून झाल्यावर ब्रश न बदलता पाण्याकडे वळा. पाणी हे आकाशाचं उलटं रूप, पण चार फरकांसह.

पहिला फरक: क्रम उलटा. पलीकडच्या काठाजवळच्या पाण्यात खालचं, उजळ आकाश उतरतं, आपल्या पायाजवळच्या पाण्यात वरचं, गडद आकाश. दुसरा फरक लक्ष देऊन वाचा. अलीकडचा काठ क्षितिजाच्या २४ सेंटिमीटर खाली आहे, म्हणजे तिथल्या पाण्यात क्षितिजाच्या २४ सेंटिमीटर वरचं आकाश दिसणार. आपल्या कॅनव्हासवर आकाश फक्त २० सेंटिमीटर आहे. म्हणजेच पुढच्या पाण्यात जे आकाश दिसतं ते चित्रात रंगवलेलंच नाही, ते चौकटीच्या वर आहे आणि आणखी गडद आहे. त्यासाठी चौथा ढीग करावा लागतो, पहिल्यापेक्षा गडद, जास्त अल्ट्रामरीनचा.

तिसरा फरक पाण्याच्या स्वभावाचा. लांबच्या पाण्यावर आपली नजर जवळजवळ घासून जाते, म्हणून शांत पाणी तिथं आरशासारखं वागतं. जवळच्या पाण्यावर नजर उतरत्या कोनात पडते, आणि या उंचीवरून अलीकडच्या काठाशी पाणी प्रकाशाचा साधारण दहावा हिस्साच परत पाठवतं. बाकी आत जातो, आणि आपल्याला पाण्याचा स्वतःचा गढूळ हिरवा दिसतो. म्हणून चौथ्या ढिगात टेर व्हर्ट आणि रॉ अंबर सढळ हातानं घाला. तळ्यावर बसून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच. चौथा फरक: आकाशातली उजळ जागा पाण्यात थोडी मंद होते, म्हणून सगळ्याच ढिगांत रॉ अंबरचा कण.

रंग आधी उभा खाली ओढा, सगळी पट्टी भरा. मग कोरडा चपटा ब्रश घेऊन आडवा, जवळजवळ वजन न देता फिरवा. पाणी इथं होतं. जितक्या कमी वेळा फिरवाल तितकं चांगलं. चार-पाच फेऱ्यांनंतर ब्रश खाली ठेवा आणि चित्रापासून लांब जा.

झाडं आणि काळानं बदललेले रंग

इथं एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो फार थोडे लोक जाणीवपूर्वक घेतात. जुन्या चित्रांत आज दिसणारा रंग हा चित्रकारानं लावलेलाच रंग असतो असं नाही. स्माल्टमधलं पोटॅशियम तेलात झिरपत जातं आणि निळा करडा-तपकिरी होत जातो. तांब्यापासून केलेले पारदर्शक हिरवे काळवंडून तपकिरी होतात. वनस्पतींपासून केलेले पिवळे उडून जातात आणि मागे निळसर पानं राहतात. वर पिवळं पडलेलं व्हार्निश. ‘बरोक चित्र म्हणजे तपकिरी चित्र’ हा समज बराचसा यातून आलेला आहे.

माझं मत स्पष्ट आहे: चारशे वर्षांचा काळ रंगवू नका. झाडं तपकिरी सावलीतून उठवा, पण उजेडातली पानं हिरवी ठेवा. आयव्हरी ब्लॅक आणि पेवडी मिसळली की सुंदर ऑलिव्ह हिरवा मिळतो, तो मुख्य. त्यात कोबाल्ट घातला की लांबची झाडं, कॅडमियम यलोचा कण घातला की उन्हातला शेंडा. सावलीचा भाग अंबरच्या आराखड्यातला तसाच पातळ राहू द्या, त्यावर जाड रंग चढवू नका. उजेड जाड, सावली पातळ, हा नियम झाडांइतका कुठेच महत्त्वाचा नाही.

पानं काढायची नाहीत. पुंजक्याची कड ठरवायची आणि कडेला आकाशाची छिद्रं ठेवायची. आकाशाच्या मधल्या ढिगात किंचित करडा घालून ती छिद्रं शेवटी भरता येतात. छिद्रातलं आकाश मोकळ्या आकाशापेक्षा थोडं गडद हवं, नाहीतर झाडाला भोकं पाडल्यासारखं दिसतं. झाडांची जात तिथलीच ठेवा: एल्मचे उभट, वर पसरणारे पुंजके, एखादा सरू. आंब्याची घुमटी सावली इथं आणली की माद्रिद राहत नाही.

प्रतिबिंब आणि काठ

पलीकडच्या काठाशी २० मीटर उंचीचं झाड असेल तर ते आपल्या मापात ४ सेंटिमीटर उंच येतं, आणि त्याचं प्रतिबिंब काठापासून तितकंच, ४ सेंटिमीटर, खाली येतं. आता मागचं मोजमाप आठवा: एवढ्या पट्टीत तळ्याच्या लांबीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग येतो. म्हणजे पलीकडचं बहुतेक पाणी झाडांच्या काळोखीचं असणार आणि आकाश त्याच्या अलीकडे सुरू होणार. झाडं प्रतिबिंबासाठी पुन्हा काढू नका. झाडाच्या रंगात थोडा अंबर आणि थोडा पाण्याचा हिरवा घालून उभे फटके द्या आणि आडव्या कोरड्या ब्रशनं त्यांच्या कडा मोडा. गडद वस्तू पाण्यात थोडी उजळ होते, उजळ वस्तू थोडी मंद.

काठापासून मागे असलेल्या वस्तूचा खालचा भाग पाण्यात दिसत नाही, काठ त्याला झाकतो. मागच्या मंडपाचं छप्पर पाण्यात येईल, पायऱ्या येणार नाहीत.

आणि लाटांमुळे प्रतिबिंब आपल्या दिशेनं लांबतं, म्हणून मोजलेल्या ४ सेंटिमीटरांपेक्षा थोडं खाली ओघळू दिलं तरी ते खरंच वाटतं. रुंदी मात्र वाढवायची नाही.

आता काठाचा दगड. काठीवर हात टेकवा, बारीक ब्रश, पांढरा अधिक पेवडी अधिक काळ्याचा ठिपका, आणि पलीकडच्या काठाची एकच रेघ. तिच्या लगेच खाली अंबरची त्याहून बारीक रेघ. या दोन रेघांनी पाणी सपाट पडतं. त्या एका दमात येत नसतील तर पुसून पुन्हा ओढा, पण अर्धवट सोडू नका.

माणसं आणि होड्या

खालचा रंग कोरडा झाल्यावरच. फिलिपच्या दरबारातला पुरुष काळ्या कपड्यात असे, गळ्याभोवती गोलिल्या म्हणजे साधी ताठ पांढरी कॉलर. झालरीची मोठी कॉलर १६२३ च्या आदेशांनंतर मागे पडली होती. म्हणून दूरचा माणूस म्हणजे काळा उभा फटका, वर चेहऱ्याचा ऑकर ठिपका, मधे पांढऱ्याचा कण. बायकांचे घागरे बाजूंनी खूप रुंद. ही फॅशन इतकी वाढली की १६३९ मध्ये ती रोखण्याचा हुकूम निघाला. लांबून ती आकृती घंटेसारखी त्रिकोणी दिसते, त्यामुळे जोडपं ओळखू येण्यात अडचण नाही.

माणसं कमी ठेवा आणि एकमेकांपासून लांब. होडी एकच पुरे, तिचं प्रतिबिंब तिच्यापेक्षा गडद आणि तुटक. लाइट रेडचा एकमेव स्वच्छ ठिपका चित्रात कुठेतरी हवा असेल तर तो होडीतल्या कापडाला द्या.

ग्लेझ, वाळणं, व्हार्निश

आठवडा-दोन आठवड्यांनी समोरच्या सावलीवर बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनचा पातळ, तेलकट, पारदर्शक थर, म्हणजे ग्लेझ, द्या आणि तळव्यानं थोपटून बसवा. पुढच्या पाण्यावर टेर व्हर्टचा असाच थर दिला की खोली वाढते. वरचा थर खालच्यापेक्षा जास्त तेलाचा हवा, नाहीतर पुढे तडे जातात. तेल फार घातलं तर पृष्ठभाग सुरकुततो आणि पिवळा पडतो, म्हणून ब्रश तेलात बुडवू नका, टोक लावा.

तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, पाणी उडून गेल्यासारखं नाही. त्यामुळे पंख्याखाली ठेवून घाई होत नाही, हवा खेळती आणि उजेड असलेली खोली लागते. टायटॅनियम आणि आयव्हरी ब्लॅक सावकाश वाळतात, अंबर लवकर. पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागच्या बाजूला बुरशी येते. दोन बोटं अंतर ठेवा आणि महिन्यातून एकदा मागची बाजू बघा. सहा महिने ते वर्ष झाल्यावर, जाड जागेवर नख दाबून खूण उमटत नाही याची खात्री करून, कोरड्या दिवशी व्हार्निशचा एकच पातळ थर लावा. व्हार्निश पुढे टर्पेंटाइननं किंवा त्याला लागणाऱ्या द्रावकानं काढता येईल असंच निवडा, आणि त्याचं नाव, तारीख कॅनव्हासच्या मागच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलनं लिहून ठेवा.